मधोमध कुंकू लागलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, खिडकीचा तर मुळीच नव्हे. माझ्यावर सिनेमा पडायचा. आज मी नागपुरातल्या हुडकेश्वर भागातल्या एका घरात, लोखंडी ट्रंकेत घडी होऊन पडलो आहे. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने जीव नकोसा होतो. पण एके काळी सारं जग माझ्या अंगावर उतरत होतं, ही काही थाप नव्हे.

माझा जन्म उमरेडचा. जनाबाई नावाच्या विणकर बाईने मला विणलं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून हातमागावर तिनेच हात चालवले आणि एकुलत्या एक महादेवला शिकवलं. तो नागपुरात, महाल भागातल्या एका शाळेत मास्तर झाला. शाळेत फिल्मची मशीन होती, पण पडदा नव्हता. भिंतीचे पोपडे निघालेले.

"माय, एक मोठं पांढरं कापड विणून दे वं," महादेव म्हणाला.

मागावर एवढं रुंद कापड निघत नाही. म्हणून जनाबाईने दोन पट्टे विणले आणि मधोमध जोडले. ती शिवण इतकी नाजूक की नाक लावून पाहिल्याशिवाय दिसायची नाही. माझा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

हे एकोणीसशे अडुसष्टच्या सुमाराचं. दर शनिवारी शेवटच्या तासाला महादेव गुरुजी मुलांना जगातल्या धर्मांच्या फिल्म दाखवत. सारनाथचा स्तूप, गुरुद्वाराच्या लंगरात पोळ्या लाटणाऱ्या बाया, मेणबत्त्यांनी उजळलेलं चर्च, सगळं माझ्यावर येऊन गेलं. गुरुजींचा नियम एकच होता. "पाहा, मनात येईल ते विचारा. पण दुसऱ्याचा देव पाहताना हसायचं नाही." हा एक तास त्यांना जिवापाड प्यारा होता. आपल्या गल्लीतल्या देवळापलीकडे पोरांना काहीतरी दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एका शनिवारी काशीची फिल्म आली. गुरुजींनी उमरेडहून आईला बोलावून घेतलं. बिचारी एसटीत उभी राहून आली. जन्मभर काशी-काशी करत होती, पण माग सोडून जाणार कधी? माझ्यावर गंगा वाहू लागली, घाटावर दिवे लागले, आणि जनाबाई बाकावरून उतरून खाली जमिनीवर बसली. हात जोडलेले, डोळ्यांतून धारा. मी पडदा, माझ्यावर काही टिकत नाही. पण तिचा तो चेहरा माझ्यावर टिकला आहे.

शाळेत उंदीर फार, म्हणून गुरुजी मला घरी नेत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून जनाबाईने मला उलगडलं. मागावरून उतरलेल्या कापडाला कोपऱ्यात हळदकुंकू लावायचं, ही तिच्या घरची रीत. पण माझ्यावर तर काशी उतरली होती. देवाला कोणी कोपऱ्यात कुंकू लावतं का? तिने ओल्या अंगठ्याने माझ्या मधोमध, शिवणीवर, ठसठशीत हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि घडी घातली. मुलाला सांगावं असं त्यात तिला काही वाटलंच नाही. संध्याकाळच्या गाडीने ती उमरेडला गेली.

पुढच्या शनिवारी नमाजाची फिल्म होती. खिडक्यांना घोंगड्या लावून वर्ग आधीच काळोखा केलेला. गुरुजींनी घाईघाईत मला टांगलं. मशीन फिरू लागली. मोठ्या मशिदीत माणसांच्या रांगा उभ्या राहिल्या. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा जवळ येत गेले आणि तो लाल ठिपका नेमका त्यांच्या नाकावर बसला.

"अबे, बुढ्याच्या नाकाले कुंकू लागलं!" कोणीतरी ओरडलं.

सगळा वर्ग हसला. मी कापडाचा, मला काय करता येणार होतं? मला फाटून खाली पडावंसं वाटलं. पहिल्या बाकावरचा यासीन उठला आणि दप्तर न घेताच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दप्तर न्यायला गुरुजींच्या घरी आले. भांडले नाहीत. "गुरुजी, आपसे गिला नहीं है," ते म्हणाले, "पर बच्चे ने कल से खाना नहीं खाया." गुरुजी त्यांच्या घरी जाऊन मुलाची माफी मागून आले. तरी यासीनने शाळा बदलली. मुख्याध्यापकांनी तो तास बंद केला आणि मशीन कपाटात गेली.

गुरुजींनी मला साबण लावून घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. जितकं धुतलं तितका मी लाल झालो. शेवटी ते मला छातीशी धरून मोरीतच बसले आणि रडले. नवं कापड आणता आलं असतं हो, पण ते हसू कशाने धुणार?

कुंकू कोणी लावलं, हे त्यांना न विचारताच कळलं होतं. आईला त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. ती मात्र दर भेटीत विचारायची, "काहून गा महादेवा, शिनेमा नाही दाखवून राहिला आता?"

"मशीन बिघडली वं माय."

"मंग सुधरव ना. मले एकडाव अजून काशी पाहाची हाय."

अशी वर्षं गेली. माग बंद पडला, जनाबाई थकून मुलाकडे राहायला आली आणि अंथरुणाला खिळली. तिने पडदा पाहायला मागितला, तेव्हा गुरुजींनी मला तिच्या खाटेसमोर भिंतीवर टांगलं. ती कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"हे माह्यं कुंकू हाय ना गा?" तिने विचारलं. "यानंच बंद पडलं का तुह्यं?"

"नाही वं माय. मशीन बिघडली."

गुरुजी औषध आणायला गेले, तेव्हा जनाबाई भिंतीला धरून उठली. पदर तांब्यात बुडवला आणि मला घासू लागली. गुरुजी परत आले तेव्हाही घासतच होती. त्यांनी तिला धरलं, तर म्हणाली, "जाऊन राहिलं गा, जाऊन राहिलं. तू मशीन आण."

चार दिवसांनी ती गेली. काशी दुसऱ्यांदा पाहिली नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची प्रार्थना पाहताना कधी हसू आलंच, तर आधी शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे पाहा. एवढंच माझं मागणं आहे. आणि कधी ही ट्रंक उघडलीत, तर मला हलक्या हाताने उलगडा. डाग अजून तसाच आहे. पण तिथली शिवण उसवली आहे आणि धागे विरले आहेत. जनाबाईने विणलेले ते धागे जनाबाईनेच घासून विरवले.