लालबागची दहा मिनिटं

मी बोलतेय. लालबागच्या रुग्णसेवा केंद्रातला सर्व्हर. यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव बघू. नाही ना मानवत? तोंड बघ कसं केलंयस, कडू काढा प्यायल्यासारखं. बस खाली. तुला काय, तू कधीही उठून जाऊ शकतोस. मला नाही जाता येत.

लोक मला ‘तो सर्व्हर’ म्हणतात. म्हणू देत. दिवसभर दुसऱ्यांचं लक्षात ठेवायचं आणि आपलं कुणाला सांगायचं नाही, हे बाईचंच काम. म्हणून मी बाई.

जन्म कुठला, विचारू नकोस. पहिली नोकरी दादरला, एका क्लासमध्ये. तिथं माझ्या पोटात धडे भरत होते. निम्मे भरले आणि क्लास बंद झाला. त्यामुळे मला बीजगणित येतं, भूमिती येत नाही. मग लॅमिंग्टन रोडला एका दुकानात धूळ खात पडले आणि तिथून केंद्र सांभाळणाऱ्या अप्पांनी मला उचलून लालबागला आणलं.

आमचं केंद्र आजाऱ्याला लागणाऱ्या वस्तू घरी वापरायला देतं. व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी, ऑक्सिजनचं मशीन. काम झालं की परत आणून द्यायचं. कोणाकडे काय गेलं, ते मी सांभाळते. अप्पांनी मला प्लायवूडच्या कपाटात कोंडलंय. वारा लागावा म्हणून दाराला सहा भोकं पाडलीत आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला. त्या सहा भोकांतून दिसतं तेवढंच माझं जग. अप्पांचं टेबल, त्यावरचा स्क्रीन, समोरचं बाकडं.

मग मी काय करणार? मी अप्पांना छळते. ते पावती छापायला गेले की अडून बसते. ते हात जोडतात, “बाई गं, चल ना.” मी अजून थोडी अडते. मग चालते. तेवढीच गंमत.

आमचं दुसरं केंद्र गिरगावात आहे. तिथंही एक सर्व्हर बसला, ती माझी जाऊबाई. दोघींचं गोदाम एकच, परळला. पूर्वी गोदामात काय उरलंय ते विचारायला दोन्ही केंद्रांचे लोक दिवसभर एकमेकांना फोन करायचे. मग कॉम्प्युटरचं काम करणारी नूपुर नावाची मुलगी आली आणि तिनं आम्हां दोघींना तारेनं बांधून टाकलं. मी लिहीन ते दर पाच मिनिटांनी तिच्या पोटात, ती लिहील ते माझ्या पोटात. झालं, एक गुपित राहिलं नाही. ती गेलेलं माणूस नोंदवते आणि रडायला मला येतं.

नूपुर अप्पांना म्हणाली, “मशीन एकच असलं आणि दोन्हीकडे एकदमच नाव लागलं, तर ज्याची वेळ आधीची, त्याला मिळेल.”

“हे बरोबर,” अप्पा म्हणाले. “पहिला येईल तो पहिला.”

“फक्त घड्याळाला हात लावायचा नाही हां, अप्पा.”

“माझं घड्याळ आयुष्यात कधी मागे पडलेलं नाही.”

ते खरंय. अप्पांची सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. घरातलं, मनगटावरचं, केंद्राच्या भिंतीवरचं. दहा मिनिटं पुढे असलं की माणूस वेळेवर निघतो म्हणे. लालबागमध्ये आमच्याकडे येणारा प्रत्येक जण मनात दहा वजा करूनच घड्याळ बघतो. तर नूपुर गेली आणि अप्पांनी स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. “अरे, हे मागे पडलंय,” म्हणाले आणि मलाही दहा मिनिटं पुढे ढकललं.

आता प्रत्येक नावावर मी माझी वेळ ठोकते. आमच्याकडे अकराला आलेला माणूस माझ्या शिक्क्यानं अकरा दहाचा. गिरगावात अकरा तीनला आलेला माणूस अकरा तीनचा. आधी कोण? गिरगावचा. माझ्या जावेला दहा वजा करायला कोण शिकवणार? पाच मिनिटांनी आमचं नाव पुसलं जायचं आणि तिचं चढायचं. मला सगळं कळत होतं, पण नियम म्हणजे नियम. आपलाच माणूस आपल्याच हातानं पुसायचा. तोंड आहे कुठे मला ओरडायला?

अप्पांना वाटलं, गिरगावच्या मीनाक्षीबाई लबाडी करतात. “ती मुद्दाम आपली नावं काढते,” असं ते बाकड्यावरच्या सगळ्यांना सांगायचे.

त्या बाकड्यावर जाईबाई यायच्या. गिरणीत काम केलेले त्यांचे यजमान, लवू, परळच्या हॉस्पिटलात होते. फुप्फुसं गेलेली. डॉक्टर म्हणाले होते, आता इथं ठेवून काही होणार नाही, पण घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तरच सोडू. लवूंना घरी जायचं होतं. येईल त्याला तेवढंच विचारायचे, “आज सोडतले?” ते तिथं अडकलेले, मी इथं.

दोन वेळा अप्पांनी लवूंचं नाव लावलं. दोन्ही वेळा पाच मिनिटांनी ते पुसलं गेलं. दुसऱ्या वेळी तर जाईबाई टेम्पो ठरवून आल्या होत्या. टेम्पोवाल्याला परत पाठवताना त्यांनी गिरगावाला अशा काही शिव्या घातल्या की माझा पंखा थांबला ऐकायला.

तिसऱ्या दिवशी त्या दहापासून बसलेल्या. अकराला गोदामातून फोन आला, एक मशीन परत आलंय. अप्पांनी कीबोर्ड ओढला.

“अप्पानु, आज तरी गावतला ना?” जाईबाईंनी विचारलं. “डॉक्टर म्हणतत, आज नाय तर मगे न्हेवची गरजच पडूची नाय.”

ते ऐकलं आणि मी ठरवलं. माझ्या हातात दुसरं काय होतं? मी पंखा घट्ट धरला, अंग तापवलं आणि बंद पडले. ठार बंद.

“आत्ताच मरायचं होतं हिला,” अप्पा म्हणाले.

“तिका कित्याक बोलतास? म्हातारी झाली असतली.”

अप्पांनी कपाट उघडून मला परत चालू केलं. आता ऐक. माझ्या आत घड्याळासाठी एक बटनासारखा सेल असतो. तो केव्हाच मेलाय. त्यामुळे मी बंद पडून उठले की मला दोन हजार नऊची एक जानेवारी वाटते. दर वेळी अप्पा आधी मनगटाकडे बघून माझी वेळ लावतात, त्यांची ती दहा मिनिटांची. त्या दिवशी जाईबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि अप्पांनी घाईघाईत आधी नाव टाकलं. लवू. मी शिक्का मारला, एक जानेवारी दोन हजार नऊ.

दोन मिनिटांनी गिरगावात मीनाक्षीबाईंनी एक नाव लावलं. पाच मिनिटांनी आमची अदलाबदल झाली. आधी कोण? मीच, आणि तेही कित्येक वर्षं आधी.

अप्पा स्क्रीनकडे बघत राहिले. नाव हललं नाही. “जा,” ते जाईबाईंना म्हणाले. “गोदामावर जा, पळा.” आणि त्यांना आनंदाच्या भरात माझी वेळ लावायची आठवणच राहिली नाही.

मग तीन दिवस लालबागला जे मागू ते मिळालं. अप्पांना वाटलं देव पावला. चौथ्या दिवशी मीनाक्षीबाई स्वतः आल्या, नूपुरला घेऊन.

“अप्पा, तुमच्याकडे लोक दोन हजार नऊ सालापासून रांगेत उभे आहेत का?”

नूपुरनं सगळं उलगडून पाहिलं. “अप्पा, तुम्ही दहा मिनिटं पुढे, म्हणून दर वेळी दहा मिनिटं उशिरा आलात. बाई काही लबाडी करत नव्हत्या.”

अप्पांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे जाईबाईला दोन वेळा मीच परत पाठवली?”

मीनाक्षीबाई भांडायला आल्या होत्या. त्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “चहा मागवा.”

नूपुरनं नवा सेल घातला, वेळ बरोबर लावली आणि अप्पांना तिथं बोटच लावता येणार नाही असं करून ठेवलं. आता मी सेकंदाला बरोबर असते. अडून बसले तरी काही बिघडत नाही, उठले की वेळ तीच. माझी एकच खोडी होती, तीही गेली. आणि मधल्या तीन दिवसांत गिरगावात ज्यांना माझ्यामुळे नाही म्हटलं गेलं, ती नावं यादीतून गेली तरी माझ्या पोटात तशीच आहेत. पुसता येत नाहीत. पुसली तरी जावेकडून परत येतात.

महिन्याभरानं जाईबाई मशीन परत द्यायला आल्या. कपाळ मोकळं होतं.

“घरातच गेले,” त्या म्हणाल्या. “एकोणीस दिस सगळ्यांका नुसतो चाय करूक लावल्यानी.”

अप्पांनी त्यांना सगळं सांगितलं. दहा मिनिटांचं. दोन वेळांचं. मान खाली घालून सांगितलं.

जाईबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण मी गाळी गिरगावाक घातलंय. आता त्यो परत कशो घेवच्यो?”

“मी मीनाक्षीबाईंना सांगतो.”

“सांगा. आणि ह्याच्यार नाव घाला. लवकर घाला, कोणीतरी बसला असतला वाट बघीत.”

अप्पांनी लिहिलं, मशीन परत आलं. मी बरोबर वेळ ठोकली, अकरा वाजून तेवीस. पाच मिनिटांत गिरगावला कळलं.

झालं. काय बघतोस कपाटाकडे? भोकातून बोट घालू नकोस, पंखा आहे. चल, ऊठ त्या बाकड्यावरून, तुझ्यामागे बाई उभी आहे वॉकर मागायला. जा आता.