दुसरा प्रश्न

"एवढी मोठी खोली, आणि बसतंय कोण? पुस्तकं."

रॅकच्या पलीकडे मोजपट्टी सर्रकन आत गेल्याचा आवाज झाला. ग्रंथपालबाई अलीकडे स्टुलावर उभ्या होत्या. हातातला जाडजूड अंक त्यांनी जपून फळीवर टेकवला. मोजणारे दोघं कुरकुरत दाराकडे गेले. इथे मीटिंगच्या दोन खोल्या आरामात निघतील, असं काहीतरी म्हणत होते.

बाई खाली उतरल्या. खिडकी उघडली, लगेच लावून घेतली.

पुलांचे आराखडे करणाऱ्या त्या कंपनीत पुस्तकांची खोली सांभाळायला दोघी होत्या: बाई आणि त्यांची धाकटी जाऊ. धाकटीला इथे आणलं होतं बाईंनीच. "माझ्या दोघी सुना एका ऑफिसात," हे सासूबाई अजूनही दारी येईल त्याला ऐकवत.

सकाळी साहेबांचा निरोप आला होता. आपल्यासारख्या कंपन्यांत हल्ली ग्रंथपाल कुठे बसतात, यावर कुणी काय अभ्यास केलाय, ते दुपारपर्यंत काढून द्या. शेवटी, सहज आठवल्यासारखं: वर इंजिनिअरांच्या मजल्यावर एक टेबल रिकामं आहे.

एकच टेबल. दोघींनी ते वाचलं, आणि दोघी कामाला लागल्या.

अभ्यास ढिगाने निघाले. सूर सगळ्यांचा एकच: खोल्या आटताहेत, ग्रंथपाल उठून कामाच्या लोकांत जाऊन बसताहेत, आणि तिथे बसलं की त्यांना विचारणारे वाढताहेत. बाईंना यात काहीतरी खोट काढायची होती. निघेना. मग त्या मनातल्या मनात वरच्या टेबलावर आपली कुंडी ठेवून बघू लागल्या. ऊन कुठून येईल?

"ताई, वर एसी फार गार असतो ना?" धाकटीने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"शाल नेईन की."

जरा वेळाने, "गुडघा कसाय तुमचा? ती लिफ्ट मेली कधी चालू, कधी बंद."

"जिने चढले की मोकळा होतो."

"होतो म्हणे."

बाई उठल्या. सरळच असलेली अंकांची चळत पुन्हा सरळ करू लागल्या.

धाकटी नवी असताना बाईंनी तिला एकच गोष्ट घोटून शिकवली होती. माणूस विचारतो एक, त्याला हवं असतं भलतंच. पहिला प्रश्न म्हणजे नुसती दारावरची टकटक; दुसरा आपण विचारायचा. एक इंजिनिअर गंजावरची पुस्तकं नेतच सुटला होता. नक्की कशाला हवीत, असं धाकटीने विचारलं तेव्हा निघाला त्याच्या घरच्या गॅलरीचा गंजलेला कठडा. तो गेल्यावर दोघी रॅकमागे जाऊन पोट धरून हसल्या होत्या.

"वरची मंडळी फोनवर ओरडून बोलतात," धाकटी म्हणाली. "डोकं उठेल तुमचं."

"तुझ्या भावोजींच्या घोरण्याशेजारी जन्म काढलाय मी. काही उठत नाही."

एरवी यावर धाकटी फसकन हसली असती. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला. घालता घालता पुन्हा पुसायला घेतला.

बाईंचा हात चळतीवर थांबला. एसी, लिफ्ट, आरडाओरडा. सकाळपासून कुणीतरी दार वाजवत होतं, आणि त्या आतून शालीच्या गोष्टी करत बसल्या होत्या.

त्यांनी खुर्ची ओढली आणि धाकटीच्या समोर बसल्या, एखाद्या वाचकासमोर बसत तशा, पेन बाजूला ठेवून.

"तुला नक्की काय हवंय?"

धाकटीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे तुमचंच ना, दुसऱ्या प्रश्नाचं?"

"माझंच. उत्तर दे."

बाहेर मोजपट्टी पुन्हा सर्रकन वाजली.

"टेबल एकच आहे, ताई," धाकटी म्हणाली. "आणि ते मला हवंय."