दुसऱ्या व्हायोलिनची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, आणि तीही अर्धीच. दोन व्हायोलिनांसाठी रचलेल्या एका सोनाटातलं फक्त दुसऱ्या व्हायोलिननं काय वाजवायचं ते माझ्यात लिहिलेलं आहे. पहिल्याचं माझ्या बहिणीत होतं. इटलीतल्या गार्दा सरोवराकाठी सालो गावात, एकाच दुपारी, एकाच दौतीतून आम्हा दोघींना लिहिलं. तरी तिच्या पहिल्या अक्षराला वेलबुट्टी आणि मला नुसता काळा फराटा! माझा जळफळाट तेव्हापासूनचा.

तशी रचना बरोबरीची होती. तिनं तान घ्यावी, तीच मग मी घ्यावी. पण शेवटी पडसादाचा भाग होता, आणि पडसाद देणाऱ्यानं पडद्याआड उभं राहायचं अशी तेव्हाची रीत. पहिलं व्हायोलिन वाजवणारा ओत्ताव्यो माझ्या बहिणीला समोर ठेवून झोकात वाजवी. त्याचा मेहुणा फाउस्तिनो मला घेऊन पडद्यामागे धूळ खात उभा. टाळ्या ओत्ताव्योला, मिठ्याही त्यालाच. माझा तर तिळपापड होई.

एकदा त्याच सरोवराकाठच्या देझेन्झानोच्या काउंटेसबाईंनी दोघांना बोलावलं. दोघांतला एक वादक त्या आपल्या घरी कायमचा ठेवणार होत्या. नावेतून उतरताना फाउस्तिनोनं माझ्या बहिणीला मासळीच्या टोपलीखाली हळूच सरकवलं. खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"मेहुणे, माझी वही कुठंय?" दिवाणखान्यात ओत्ताव्योनं विचारलं.

"मला काय ठाऊक, दाजी? तुम्हीच सांभाळायची ना!"

ओत्ताव्योला पाठांतराचं वावडं. तो बाजूला बसला. काउंटेसबाईंकडचे पाद्री झाक्कारिया यांनी हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोसारख्या जुन्या वाद्यावर, साथ धरली आणि फाउस्तिनो समोर उभा राहिला. मीही समोर! अर्धा सोनाटा कसाबसा रेटला. मग पडसाद आला. माझ्या पानावर आधी विराम, नंतर उत्तर. फाउस्तिनोनं चार मात्रा मोजल्या, उत्तर वाजवलं. पुन्हा गप्प, पुन्हा उत्तर.

"अगं बाई, हा उत्तर कुणाला देतोय?" काउंटेसबाई म्हणाल्या आणि सगळा दिवाणखाना खदखदून हसला. फाउस्तिनोचे कान लाल झाले. मला तर फाटून जावंसं वाटलं.

तेवढ्यात पडद्यामागून तीच तान आली. ओत्ताव्यो गुपचूप तिकडे जाऊन उभा होता. इतकी वर्षं मागून येणारी आमची उत्तरं ऐकून ती त्याला पाठ झाली होती. फाउस्तिनो वाजवी, दाजी पडसाद देई. हसणं थांबलं.

"दाजी, वही मीच टाकली नावेत," पडदा सारून फाउस्तिनो रडवेला होऊन म्हणाला.

"बघितलं मी. म्हटलं, होऊ दे एकदा तुमचीही समोर उभं राहायची हौस. आता धावा, नाव गाठा!"

दोघे धावले. पण नाव केव्हाच सुटली होती. माझी बहीण पुन्हा कधीच सापडली नाही. काउंटेसबाईंनी फाउस्तिनोलाच ठेवायचं म्हटलं, तर तो म्हणाला, "ठेवायचं तर दोघांना ठेवा." त्या दोघांचं जुळलं, मित्रांनो. माझं राहून गेलं.

आज मी एका ग्रंथालयातल्या पेटीत एकटीच आहे. जपतात मला, पण वाजवत कुणी नाही. तुमच्याकडे जोडीनं आलेलं काही असेल, तर ते जोडीनंच ठेवा, एवढं ऐका माझं. माझ्या पानांवर जिथं जिथं विराम आहेत, तिथं ती वाजायची. तिचं एवढंच उरलंय माझ्याजवळ.