रिकाम्या कंसातली बाई

काढा( )

वॉचमनच्या हातातला टॅब लाल झाला होता आणि तुळसी फाटकाबाहेर उन्हात उभी होती.

लाल पाटीवर तमिळमध्ये एकच वाक्य होतं. या व्यक्तीचा कोणत्याही घराशी संबंध नाही.

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या अपार्टमेंटमध्ये तुळसी गेली नऊ वर्षं सहा घरांत काम करत होती. कुठल्या घराची किल्ली कुंडीखाली असते आणि कुठल्या म्हाताऱ्याला इडली कुस्करून द्यावी लागते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि तिचा संबंध नाही.

त्या सहांतल्याच एका घरातल्या शरण्याने स्कूटर कडेला लावली.

"काय झालं तुळसी?"

"मला काय विचारतेस पाप्पा? त्या पाटीला विचार." तुळसी शरण्याला पहिल्या दिवसापासून पाप्पाच म्हणायची, म्हणजे बाळ, शरण्या बत्तीस वर्षांची झाली तरी. "मी काय चोरलं एवढं तरी सांगायला सांग. सोनं असेल तर बरं. कुणाचा जुना टॉवेल असेल तर मला लाज वाटेल."

वॉचमन हसला. तुळसी हसली नाही.

"एका घराने काढलं असेल," शरण्या म्हणाली, "पण बाकीची पाच…"

आणि वाक्य तिथेच थांबलं, कारण ती लाल पाटी तिच्या ओळखीची होती. फाटकावरचं हे अॅप तिच्याच कंपनीचं होतं. पाटीवरचं वाक्य तिच्या शेजारच्या टेबलावर लिहिलं गेलं होतं आणि वाचून तीच म्हणाली होती, ठीक आहे, चालेल.

शोधा(तुळसी)

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी. कळतं त्यांनीही वाचा, कारण कळणाऱ्यांनीच हे करून ठेवलंय.

एक तक्ता माणसांचा. एक तक्ता घरांचा. एका बाईची अनेक घरं, एका घरात अनेक माणसं: भांडीवाली, ड्रायव्हर, नर्स, आणि राहणारेही त्यातच. म्हणून मध्ये तिसरा तक्ता. त्याच्या प्रत्येक ओळीत दोन आकडे, माणसाचा आणि घराचा. तुळसीच्या सहा ओळी. एक घर सुटलं की एक ओळ जावी, पाच राहाव्यात. शाळेतलं पोरही सांगेल.

पण हल्ली त्या तक्त्याला थेट कुणी हात लावत नाही. पीएचपी नावाच्या कोडच्या भाषेत मधला एक दलाल ठेवलेला असतो, ओआरएम म्हणतात त्याला. दलालाला सांगायचं, ही बाई, हिची घरं, त्यातलं अमुक घर सोडव. डिटॅच. कंसात घराचा नंबर. दलाल जातो, ओळ पुसून येतो. सोयीचं आहे. सुंदर दिसतं. वाचताना इंग्रजी वाक्यासारखं वाटतं.

आणि कंस रिकामा राहिला तर?

रिकामा राहिला तर दलाल विचारत नाही की बाबा, कुठलं घर? तो समजतो, सगळी.

ही चूक नाही. पुस्तकात तसंच लिहिलंय. काही सांगितलं नाही म्हणजे सगळं. ऑफिसात पोचल्यावर शरण्या हे स्क्रीनवर बघत राहिली. कुठल्या घरातल्या माणसाने हे ठरवलं असेल? ज्याला आयुष्यात कुणी फाटकावर थांबवलं नाही, त्याने.

फोनवर अॅपची जुनी आवृत्ती असेल तर 'काढा' दाबल्यावर घराचा नंबर पाठवलाच जात नव्हता. कंस रिकामा. सहाच्या सहा ओळी साफ.

बटण कुणी दाबलं तेही नोंदलेलं होतं.

बी-४०२.

तिने नंबर पुन्हा वाचला. स्वतःच्या घराचा नंबर माणूस पुन्हा वाचत नाही. तिने वाचला.

विचारा(अम्मा)

"होय, मीच दाबलें," अम्मा, शरण्याची आई, फोनवर म्हणाली. मागे मिक्सर चालू होता. महालक्ष्मी अम्माची मराठी तंजावरची, तीनशे वर्षं तमिळच्या शेजारी राहिलेली. रागावली की आणखी जुनी व्हायची. "दोन दिवस आली नाहीं ती. घरीं पाहुणे, भांडी डोंगराएवढी. मज विचार, कंबरेचं काय जालं."

"ती एन्नोरला गेली होती अम्मा. तिच्या आईला तिकडच्या कारखान्यांच्या धुराने श्वास लागला होता. तुला सांगून गेली होती. मी होते तिथे. तू मान हलवलीस."

"मी टीव्हीला हलवली असेन."

"मग नको येऊस म्हणून तिला सांगायचं होतंस."

मिक्सर थांबला.

"तोंडावर कसं सांगायचं ग? इतक्या वर्षांची बाई. रडली असती. मी रडलें असतें. बटण दाबलें की फाटकावरच सांगतात ते."

"तिची सहाही घरं गेली."

"मी सहा कशाला काढूं? मी माझं काढलें."

"माहीत आहे."

"मग माझ्यावर कां ओरडतेस? तुझ्या कंप्यूटरवर ओरड."

शरण्याने फोन ठेवला, कारण म्हातारी बरोबर बोलली होती, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला.

दुरुस्त करा( )

दुरुस्ती तीन ओळींची. कंस रिकामा असेल तर काहीच करू नकोस, परत फिर. शरण्याने लिहिली, तपासली, चढवली. तुळसीच्या सहा ओळीही परत घातल्या. पण कोडने घातलेली ओळ मंजूर धरत नाहीत. असोसिएशनच्या सेक्रेटरीने त्याच्या टॅबवर 'पूर्ववत' दाबेपर्यंत फाटक लालच. काढायला कुणाची परवानगी लागत नाही. घालायला लागते. हेही त्यांनीच एका मीटिंगमध्ये ठरवलं होतं, समोसे खात.

सेक्रेटरी रामस्वामी. अम्माच्या नात्यातला, तंजावरकडचाच, त्याच्याच ओळखीने बी-४०२ मिळालेलं.

"मामा, फक्त पूर्ववत दाबा," शरण्या त्यांना फोनवर म्हणाली.

"तशी सोय नाहीं ग सिस्टिममध्यें," मामा म्हणाले. "एकदां गेलं की गेलं. पाचही घरांनी नवा अर्ज द्यावा. कोणी दिला नाहीं अजून."

"कोण देणार? नावापुढे 'रहिवाशाच्या तक्रारीवरून' असं आपोआप येतं. शेजाऱ्याने काढलेली बाई घ्यायची म्हणजे शेजाऱ्याशी वाकडं."

"मग बघ. विचार करण्यासारखंच अहे की." मामांचा आवाज प्रसन्न झाला. "खरं सांगूं, आम्हांस आवडलंय हें. एकाने काढली की सगळ्यांकडून गेली. शिस्त येते. तुमच्या प्राणेश सरांना मी मेल पण लिहिली."

सोय नाही. ती सोय शरण्याने स्वतः लिहिली होती. बटण हिरवं ठेवावं की निळं यावर एक दुपार गेली होती.

जेवणानंतर प्राणेशने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. प्राणेश तिचा टीम लीड, शांत माणूस. शांत माणसांचा तिला त्या दिवशी सर्वात जास्त राग आला.

"तुझी दुरुस्ती मी मागे घेतलीय."

"का?"

"ग्राहकाला जुनं वागणं हवंय. आणखी दोन असोसिएशननी विचारलं. आपण त्याला नीट नाव देऊ. 'सामूहिक निर्णय'. एक चेकबॉक्स. आधीपासून टिक केलेला."

"ते वागणं नव्हतं. ती चूक होती."

"सकाळी होती."

"प्राणेश, एक बाई उन्हात उभी आहे."

"तुझ्या घरातली आहे का?" त्याने खरंच काळजीने विचारलं. "मग तू दुसरी बघ ना. आपल्याच अॅपवर मिळेल."

ती दाराकडे वळली. बोलली असती तर जे निघालं असतं ते मराठीतही नसतं आणि तमिळमध्येही नसतं.

"तू हे काम करणार नसशील तर कौशिकला देतो," तो म्हणाला.

उलट बाजूने( )

आता इथे एक गोष्ट आहे जी प्राणेशला ठाऊक होती, रामस्वामी मामांना ठाऊक नव्हती, आणि जिचा विचार दोघांनीही केला नव्हता.

मधल्या तक्त्याला बाजू नसते. बाईकडून घरं पुसता येतात तशी घराकडून माणसं पुसता येतात. तोच दलाल. तोच शब्द. तोच कंस.

दुसऱ्या दिवशी शरण्या ऑफिसला गेली नाही. फाटकाबाहेर पुंगाची, म्हणजे करंजाच्या झाडाची, सावली होती, तिथे तुळसी बसली होती. काल संध्याकाळी घरी जाऊन आज पुन्हा आली होती. का आलीस, असं वॉचमनने विचारलं तर म्हणाली, सवय, बाकी काय. शरण्याने स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला. अम्मा ऑटोने बाजारात गेली होती.

नोकरी जाईल हे तिला दिसत होतं. दुसऱ्या कुणाच्या घराला हात लावायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. बी-४०२ची माणसं. डिटॅच. कंसात

काही नाही.

एंटर.

अम्मा( )

अम्मा ऑटोतून उतरली. एका हातात कीरैच्या, म्हणजे पालेभाजीच्या, जुड्या, दुसऱ्यात पिशवी. वॉचमनने टॅब पुढे धरला. अंगठा टेकवला. लाल.

"पुन्हा," वॉचमन म्हणाला.

लाल. या व्यक्तीचा कोणत्याही घराशी संबंध नाही.

"काय लिहिलंय?" अम्माने चष्मा पिशवीत शोधला, सापडला नाही. "वाच रे."

वॉचमनने वाचलं. हळू आवाजात, पण वाचलं.

"अय्यो, मूर्खा, मी इथें राहतें!"

"मला माहीत आहे अम्मा. टॅबला माहीत नाही. आत सोडलं तर माझी नोकरी जाईल."

मग पुंगाखालून तुळसीचा आवाज आला. तीसुद्धा तिला अम्माच म्हणायची.

"तुम्हीपण का अम्मा? तुमचा पण टॉवेल?"

अम्मा वळली. तुळसी एन्नोरहून परतल्यापासून पहिल्यांदाच दोघी समोरासमोर आल्या. मधे रस्ता नव्हता, फाटक नव्हतं, बटण नव्हतं. अम्माच्या हातातली कीरै उन्हात माना टाकत होती. तिने शरण्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"तूं केलेंस."

"हो."

"स्वतःच्या आईला. रस्त्यावर."

"मी काही सांगितलं नाही," शरण्या म्हणाली, "कंस रिकामा ठेवला. तू ठेवलास तसा."

"तोंडावर बोल, कंप्यूटरचं बोलूं नको!"

"तोंडावर? तू म्हणतेस तोंडावर?" शरण्याचा आवाज इतका चढला की समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "ती तुझ्यासमोर आहे. नऊ वर्षं. बोल ना तोंडावर! सांग तिला, दोन दिवस आली नाहीस म्हणून काढलं. म्हण!"

अम्माने तोंड उघडलं. तुळसी उठून उभी राहिली, पदर झटकला, आणि ऐकायला म्हणून नीट उभी राहिली. हेच वाईट झालं. ती नीट उभी राहिली.

"तुझी आई…" अम्मा म्हणाली. "कशी अहे आतां?"

"श्वास घेते," तुळसी म्हणाली. "तुम्ही मान हलवली होती."

तेवढ्यात रामस्वामी मामा खाली आले, वॉचमनने बोलावले म्हणून, पायात घरातल्या चपला.

"काय हें महालक्ष्मी, काय जालं? थांब, थांब, एक मिनिट." त्यांनी टॅब घेतला, बोट फिरवलं, दाबलं. बी-४०२, पूर्ववत. हिरवं.

"सोय नव्हती ना मामा?" शरण्या म्हणाली.

मामांनी टॅब जरा खाली केला. इस्त्रीवाला, वॉचमन, ऑटोवाला, सगळे त्या टॅबकडे बघत होते.

"हिचं दाब रामू," अम्मा म्हणाली.

"महालक्ष्मी, तिच्यावर तक्रार…"

"माझी ना? मी मागें घेतें. दाब. नाहींतर मी पण इथेंच बसतें, आणि तुझ्या बायकोस फोन करतें, ऊन खायला खुर्ची पाठव म्हणून."

मामांनी दाबलं. सहाच्या सहा ओळी परत आल्या. मायेनं आल्या नव्हत्या. म्हातारीला ओट्यावरची भांडी दिसत होती, हे शरण्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण आल्या.

"चल," अम्मा तुळसीला म्हणाली आणि बाजाराची पिशवी पुढे केली. रोज करायची तशी.

तुळसीने पिशवीकडे पाहिलं. हात पदरातच ठेवले.

"पाच घरं," ती म्हणाली. "सहावं नको."

"काय?"

"तोंडावर सांगते अम्मा. तुमच्याकडे नाही येणार."

अम्माची पिशवी हवेतच राहिली. मामा टॅबवर बोट फिरवू लागले, एकच कसं काढायचं ते त्यांना सापडेना, कारण आजवर कुणाला ते हवंच नव्हतं.

"पाप्पा," तुळसी म्हणाली, "तू काढ."

काढा(बी-४०२)

शरण्याने कंसात घराचा नंबर लिहिला. एकच. पुन्हा वाचला. दाबला.

एक ओळ गेली. पाच राहिल्या.

तुळसीने अंगठा टेकवला. हिरवं. ती आत गेली, ए-विंगकडे, जिथल्या म्हाताऱ्याची इडली चार दिवसांत कुणी कुस्करली नव्हती. मागे वळून पाहिलं नाही.

शरण्याचा फोन वाजत होता. प्राणेश. तिने वाजू दिला.

"ओट्यावर भांडी पडलींत," अम्मा म्हणाली. आवाज रडका होता, पण राग अजून त्यात होता.

"पडलीत," शरण्या म्हणाली. तिने लॅपटॉप मिटला आणि पिशवी तिच्या हातातून घेतली नाही.