दलदलीत पुरलेले मस्तक

मी एक जुना ब्राँझचा बैल आहे, मित्रांनो. म्हणजे आता नुसते मस्तक. फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या दलदलीतल्या एका गावात मी असतो.

इथला बैल खेळासाठी आखाड्यात उतरतो, शिंगांत बांधलेला गोंडा माणसांना ओढू देत नाही आणि संध्याकाळी जिवंत कुरणात परततो. मुरे नावाचा काळा बैल असाच बारा वर्षे गाजला. तो म्हातारा होऊन मेला, तेव्हा त्याच्या गुराख्याने, बातिस्तँने, त्याला समुद्राकडे तोंड करून उभाच पुरला. मग गावाने वर्गणी काढली आणि ओनोरीन नावाच्या शिल्पकार बाईने त्याचा पुतळा केला. तो मी.

बातिस्तँ रोज तिच्या कामावर नजर ठेवी.

"मान फार ऐटीत घेतलीस, पोरी. तो खाली मान घालूनच बघायचा."

"मग तूच घडव," असे म्हणत ती मातीची मान वाकवी.

वीस वर्षे मी चौकात होतो. मुले पाठीवर चढत. लग्न झाले की नवरानवरी माझ्या शिंगाला हात लावून जात.

मग महायुद्धात आम्ही हरलो. धातूसाठी प्रत्येक गावाने ब्राँझचा एक पुतळा वितळवायला द्यावा, असा हुकूम आला. गावात दोनच होते, मी आणि घोड्यावरचा सेनापती. महापौर एस्पिनास यांनी माझे नाव दिले.

"सेनापती दिला तर लोक काय म्हणतील?"

"आणि बैल दिला तर गप्प बसतील होय?" बातिस्तँने विचारले.

गाव गप्पच बसले. चौकातच मला करवतीने कापले. दुसऱ्या सकाळी तुकडे ट्रकवर चढू लागले, तोच बातिस्तँने आपला तीस बैलांचा कळप चौकात घुसवला. शिपाई, कामगार मिळेल त्या दारात शिरले. तेवढ्यात ओनोरीनने माझे मस्तक हातगाडीत लोटले, वर गवत टाकले आणि दलदलीत नेऊन पुरले.

दुपारी शिपायांनी बातिस्तँला धरले.

"डोकं कुठाय?"

"कापलं तुम्ही. मला काय विचारता?"

त्याला मारत नेले. त्याच्या शोधात ओनोरीन चार वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. शेवटी एक कागद आला. 'मृत', एवढेच. मृत्यूच्या ठिकाणापुढे नुसती रेघ होती.

महायुद्ध संपून शत्रू गेल्यावर तिने मला उकरून काढले. चौथरा झाला, बँड वाजला. महापौर तेच होते. पाटीवर लिहिले होते, 'महापौर एस्पिनास यांच्या धैर्याने वाचलेले मस्तक'.

"बातिस्तँचं नाव कुठाय?" ओनोरीनने विचारले.

"पाटी लहान पडली हो, बाई."

ती भांडली नाही. दर रविवारी येऊन पाटीखाली खडूने त्याचे नाव लिहू लागली. पावसाने ते पुसले जाई, ती पुन्हा लिही. गेल्या हिवाळ्यात ती वारली. तेव्हापासून तिथला दगड कोरा आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका. कधी इकडे आलात तर खडू तेवढा आणा. काय लिहायचे ते मी सांगितलेच आहे.