वाडगा खरा होता

नाशिक रोडच्या त्या वसाहतीतला सभामंडप एरवी साखरपुड्याला नाहीतर वर्षश्राद्धाला उघडायचा. पण श्रावणापासून दर गुरुवारी तिथे मुंगीला शिरायला जागा उरेना. निवृत्त कारकून, शिलाईकाम करणाऱ्या बाया, वणीकडून पहाटेच्या एसटीने आलेले शेतकरी, आणि प्रत्येकाच्या हातात औषधांची पिशवी. समोर चौरंगावर लाल मखमलीत ठेवलेला निळ्या नक्षीचा पांढराशुभ्र चिनी वाडगा आणि त्याच्या मागे वाडगेमहाराज.

महाराज सांगायचे की हा वाडगा चीनच्या बादशहाच्या मुदपाकखान्यातला. बादशहाच्या ताटात कुणी विष कालवलं तर याला आधी कळायचं. बुडाशी सहा चिनी अक्षरं होती, ती महाराजांनी थेट संस्कृतात वाचून दाखवली होती आणि त्यातून विषहरणाचा मंत्र निघाला होता. चीनमधला कुंभार संस्कृत कुठे शिकला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

विधी अगदी सोपा होता. वाडग्यात तांब्यातलं पिवळं तीर्थ ओतायचं. आजाऱ्याची गोळी महाराज अंगठ्याने चुरडायचे आणि अंगठ्यानेच तीर्थात ढवळायचे. बघता बघता पिवळं पाणी लालभडक व्हायचं, आणि पांढऱ्या चिनी मातीवर ते असं काही उठून दिसायचं की बायका पदर तोंडाला लावायच्या. "बघ माउली, डॉक्टर तुला काय चारतोय ते," महाराज हळुवारपणे म्हणायचे. मग त्यांच्या पुडीतलं भस्म टाकलं की पाणी पुन्हा पिवळं. विष उतरलं! लोक पुड्या घेऊन घरी जायचे आणि गोळ्या तिथेच टाकून द्यायचे.

गायखे कुटुंबाच्या छायाबाईंची गोळीही अशीच एका गुरुवारी लाल झाली. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती एक गोळी त्यांना जन्मभर रोज घ्यायची होती. त्यांची मुलगी सविता शाळेत विज्ञान शिकवायची. त्या दिवशी ती मंडपात मागे दारापाशी उभी होती, आणि सगळ्यांसारखी तीही त्या वाडग्याकडेच बघत राहिली.

घरी आल्यावर तिने वडिलांना, नवनाथरावांना, परोपरीने समजावलं. पण नवनाथरावांची नोकरी नोटा तपासण्यात गेली होती. खोट्या-खऱ्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वाडगा हातात घेऊन उजेडाला धरला होता, टिचकी मारून त्याचा आवाज ऐकला होता आणि माल अस्सल आहे असा निर्वाळा दिला होता. त्यांच्या शब्दावर निम्मी वसाहत मंडपात जाऊ लागली होती.

"वाडगा खोटा आहे असंच ना तुझं म्हणणं?" ते म्हणाले. "मग दाखव सिद्ध करून. खोटा निघाला तर मी माझ्या हातानं तुझ्या आईला गोळी देईन. खरा निघाला तर तू तोंड उघडायचं नाही. नोट खरी असली की तिच्यावर छापलेलं वचनही खरं असतं, बाई."

सविताला ही पैज हातचा मळ वाटली. असल्या माणसाकडे बादशहाचा वाडगा कुठून येणार? चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेली बाजारातली भांडी तिने पाहिली होती. छायाबाई भाजी निवडत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "तुम्हा बापलेकीचं काय ते ठरवा. मी तसं करते."

सविताची मैत्रीण उज्वला एका संग्रहालयात जुनी भांडी सांधायचं काम करायची. पुढच्या गुरुवारी ती आली. महाराजांनी वाडगा बिनतक्रार तिच्या हाती दिला, तेव्हाच सविताला काय ते उमजायला हवं होतं. उज्वलाने वाडगा पालथा घातला. बुडाच्या, झिलईचा चकचकीत लेप नसलेल्या कडेवरून बोट फिरवलं. भिंगातून निळी नक्षी पाहिली. रंग झिलईच्या वर बसलेला नव्हता, खाली होता आणि जागोजागी साकळून काळसर झाला होता. आतल्या बाजूला वापराचे बारीक ओरखडे होते, कुठे दाट, कुठे तुरळक, कुठल्याही दिशेने गेलेले. मुद्दाम जुनं केलेलं भांडं सगळीकडून सारखं घासलेलं असतं, तसं हे नव्हतं. बुडाच्या अक्षरांवर मात्र तिने भरवसा ठेवला नाही. ते एका राजवटीचं नाव होतं, आणि पुढचे कुंभार मागच्या राजांची नावं बिनदिक्कत लिहायचे.

तिचा चेहरा पाहून सविता तिच्या कानाशी लागली. "खोटा आहे म्हण. आईसाठी म्हण."

उज्वलाने वाडगा जपून मखमलीवर ठेवला. मग म्हणाली, "खोट्याला खोट्यानं पाडलं तर आपल्यात आणि त्याच्यात फरक काय उरला?" आणि मोठ्याने सांगितलं, "वाडगा खरा आहे. अडीचशे-तीनशे वर्षांचा असावा. पण त्याला विष कळतं की नाही हे..."

पुढचं वाक्य जयजयकारात बुडालं.

छायाबाईंनी गोळी बंद केली. सविताने हात जोडले, अबोला धरून पाहिला, डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. डॉक्टर कळवळून ओरडले तरी छायाबाईंचं एकच होतं, "अगं, पैज तूच मान्य केलीस ना?" त्यांचा राग नव्हता. त्या फक्त शब्दाला जागत होत्या. नवरात्र संपताना एका सकाळी चहा गाळता गाळता त्यांच्या हातातून गाळणी पडली आणि पाठोपाठ त्याही. झडपेवर धरलेली गुठळी मेंदूत गेली होती. वाचा गेली, उजवं अंग गेलं, आणि दोन दिवसांनी त्याही गेल्या.

तेराव्यानंतर सविता आईची साडी धुवायला बसली. पदराला हळदीचा हात पुसल्याचा डाग होता. तिने त्यावर साबण फिरवला आणि डाग लाल झाला.

ती तिथेच बसून राहिली. हा प्रयोग ती दरवर्षी मुलांना करून दाखवायची. हळदीला चुना, सोडा, साबण लागला की ती लाल होते आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. तीर्थ हळदीचं होतं, सगळा खेळ महाराजांच्या चुना लावलेल्या अंगठ्यात होता आणि ती वाडग्याचं वय काढत बसली होती. ती हमसून हमसून रडली.

गुरुवारी ती घरातली स्टीलची वाटी, साखर आणि एक लिंबू घेऊन मंडपात गेली. प्रसाद म्हणून वाटीत तीर्थ मागून घेतलं. आईची उरलेली गोळी धुतलेल्या हाताने चुरडून त्यात टाकली. पाणी पिवळंच राहिलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याकडून चुन्याची डबी घेतली, अंगठ्याला चुना लावला आणि चिमूटभर साखर नव्याने घेतलेल्या तीर्थात ढवळली. पाणी लाल झालं.

"साखरसुद्धा विष झाली," ती म्हणाली. मग लिंबू पिळून पाणी पिवळं करून दाखवलं. "आणि हे यांचं भस्म. लिंबूसत्व मिसळलंय त्यात, जिभेवर ठेवून बघा. महाराज, आता हात धुवा आणि एकदा गोळी चुरडून दाखवा."

महाराजांनी डोळे मिटले. शोकातली बाई मंडपात आली, वाडगा बाटला, आज तो बोलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पण ज्या बायकांच्या आज्यांनी घरी हळदीला चुना लावून कुंकू केलं होतं, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. कुणीतरी पुडी चाटली आणि तोंड आंबट केलं. पुढे पोलिसांत तक्रार झाली, ते सगळं रीतसर झालं.

नवनाथराव मात्र गर्दीत खुळ्यासारखे उभे होते. "पण वाडगा तर खरा आहे ना गं?"

"खरा आहे, आप्पा. चोराच्या खिशातली नोटही खरीच असते."

ते तिथेच खाली बसले. "मी मारलं तिला," ते म्हणाले.

सविता त्यांच्याशेजारी बसली. खोटा दिलासा तिला देता आला नाही. "पैज आपण दोघांनी लावली, आप्पा. आईचा जीव पणाला लावला आणि तपासला वाडगा."

मग ती लोकांकडे वळली. "वस्तू किती जुनी आहे, कुठल्या बादशहाची आहे, हे विचारत बसू नका. ती जे करते म्हणतात, ते दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्याच्या हातून होतं का, एवढं विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी टाकू नका. मी हे पहिल्या गुरुवारी विचारलं असतं, तर माझी आई आज घरी असती."