मोठ्या घरचा नारळ

वैशाखाचं ऊन गच्चीवर असं उतरलं होतं की मिरच्या पसरताना मालनच्या तळपायांना गोणपाटावरूनही चटके बसत होते. तिच्या घरच्या मिरच्या चार मुठी. त्या तिने टाकीच्या कडेला कोपऱ्यात पसरल्या. बाकी अख्खी गच्ची कमळच्या मिरच्यांनी लाल झाली होती.

कमळ तिची धाकटी जाऊ. लालबागला मसाल्याच्या गल्लीमागे या चाळीत दोघींची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून. लग्न होऊन आली तेव्हा कमळला धणे किती भाजायचे तेही ठाऊक नव्हतं. मालनने शिकवलं, जसं मालनला सासूने शिकवलं होतं. आता तोच मसाला कमळ फोनवरून ऑर्डरी घेऊन पार पुण्या-नाशकापर्यंत धाडत होती, आणि पिशवीवर नाव होतं कमळचं. मालन रोज तुळशीला पाणी घालायची, पोथीचा अध्याय चुकवायची नाही. हात जोडून ती एकच मागायची, माझ्या पोटातली ही आग विझव बाबा. खोलीत असेपर्यंत विझल्यासारखी वाटायचीही. गच्चीवर आलं की पुन्हा धग लागायची.

चाळीत सगळी एकाच गावची माणसं, कोकणातली. गावकरी मंडळाची एक खोली तळमजल्यावर होती, तिथे गावदेवीची तसबीर. त्या खोलीत एका रविवारी सगळे जमले ते इंटरनेटच्या लाइनीसाठी. मागच्या गिरणीच्या जागेवर उंच इमारतींचे टॉवर उभे राहिले, तेव्हापासून खोल्यांत मोबाइलची रेंजच येईना. फोन लावायचा तर गॅलरीच्या टोकाला जाऊन हात वर करून उभं राहायचं. केबलवाल्याची लाइन होती, ती वाऱ्याच्या झुळकीने जायची. पोरांचे क्लास, कुणाचं घरून काम, कमळचा मसाला, सगळंच अडलेलं.

मंडळाचे अध्यक्ष शामराव. गिरणीत साचे चालवलेला माणूस, बोलणं सावकाश. त्यांनी एकेक वाट सांगितली. एक कंपनी फायबर फुकट ओढून द्यायला तयार होती, पण जिने आणि गच्ची दहा वर्षं तिच्या एकटीच्या ताब्यात, दुसरा कुणी शिरणार नाही, आणि महिन्याचा दर ती म्हणेल तो. मालकाला ते पसंत होतं. महिनाअखेर आपला दुसरा बंदोबस्त दिसला नाही, तर तो कंपनीला सही देणार होता. बँकेकडे गेले होते, तर बँक तारण मागत होती, आणि पागडीच्या चाळीत भाडेकरूंकडे तारण ठेवायला काय असणार? सरकारी योजना होती, ती गावांसाठी. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, मग आपण गावचेच की. सगळे हसले.

तेव्हा कमळ बोलायला उठली. बायकांची भिशी वर्षानुवर्षं चालत आली होती, घराघरातून दरमहा पैसे पडतच होते. तिचं म्हणणं असं, की यंदाची भिशी कुणा एकीने उचलू नये, लाइनीला द्यावी. प्रत्येक घराचा सारखा भाग. हमरस्त्यावर मोठी लाइन आली आहे, तिथून घाऊक घ्यायची, आत आपली तार आपण ओढायची. दरमहा जमेल त्यातून देखभाल, उरेल त्यातून ज्याचा त्याचा भाग परत. तार चाळीची, जिनाही चाळीचा.

खोलीत सगळेच एकदम बोलायला लागले. शामराव म्हणाले, पोरीने डोकं चालवलं. तिसऱ्या खोलीतल्या मेघनाने तर कमळचा हात धरला. मालन भिंतीला टेकून बसली होती. इतकी वर्षं या खोलीत काही ठरायचं तर सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. आज तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पण एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. कुठल्याही सार्वजनिक कामाचा पहिला पैसा देवीपुढे नारळासह ठेवायचा, तो मोठ्या घराने. गावात तसं, म्हणून मुंबईतही तसं. मोठं घर म्हणजे गावच्या मानाचं थोरलं घर, मालनचं. तिचा नारळ पडल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात पुढे होत नसे.

शामराव म्हणाले, "मालनबाय, उद्याच ठेवा नारळ. मोकळे होऊ."

मालनने पदर सावरला. तिचा आवाज नेहमीच हळू, त्या दिवशी आणखी हळू होता. "उद्या अवस आसा," ती म्हणाली. "आणि परवापासून अधिक महिनो. नव्या कामाक हात लावचो नसता."

बोलली ती शास्त्राला धरूनच. अधिक महिना संपेपर्यंत मालकाची मुदतही संपणार, हे मात्र त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मालनला सगळ्यात जास्त.

पुढचे दिवस तिने व्रतात काढले. एकवेळ जेवण, दीपदान, जावयाला अनारशांचं वाण. शामराव दोनदा येऊन गेले, मेघना मुलाला पुढे करून आली. मालन सगळ्यांना साखर-पाणी द्यायची आणि म्हणायची, देवाच्या पुढे मी कोण? रात्री दिव्याची वात सारताना मात्र तिचा हात थबकायचा. देवाचं नाव पुढे करून आपण कुणाला अडवतोय, हे देवाला दिसतच असणार.

जिना मोजायला कंपनीची माणसं येऊन गेली, त्या संध्याकाळी कमळ दारात आली. कपाळावर मसाल्याची पूड, डोळे लाल. आत बसली नाही. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"वैनीनू, माका सगळा कळता," ती म्हणाली. "माजा घर वगळा. माका लाइन नको. माजो भाग मी भरतंय, पण तार माज्या दारात नको. आता तरी नारळ ठेवा."

मालन म्हणाली, "असा कित्याक बोलतंस गो? मी काय तुज्यासाठी अडवलंय?"

कमळ उंबऱ्यावरूनच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी मालनने अंघोळ करून देवीपुढे नारळ ठेवला. चाळीचं काम ते देवीचंच, मग नवं कसं म्हणायचं, ते चालूच असतं, असं तिने सांगितलं. हे शास्त्र तिला आधी आठवलं नव्हतं का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिच्यामागून घराघरातून भाग पडले. मालकाने कंपनीला परत पाठवलं. तार जिन्याने चढली, गॅलरीतून दारोदार फिरली आणि कमळच्या दारापुढून सरळ निघून गेली.

मालनच्या खोलीत लाइन आली. मोठं घर म्हणून पहिली. भिंतीवरचा वायफायचा डबा हिरवा लुकलुकायला लागला. मालनने त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि मोबाइलवर कीर्तन लावलं. कीर्तन न अडकता चाललं, पण बुवा काय सांगत होते ते तिला आठवेना.

कारण गॅलरीत गजबज सुरू झाली होती. कमळला लाइन नाही म्हटल्यावर मेघनाने तिला घरी बसवून घेतलं, ऑर्डरी बघ म्हणाली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या अक्षदाने. मग बायकांमध्ये चढाओढच लागली, आज माझ्याकडे, उद्या माझ्याकडे. जिथे कमळ बसायची तिथे चहा व्हायचा, पिशव्या भरायला चार हात लागायचे, हसणं खिदळणं गॅलरीभर जायचं. काहीजणींना कमळने त्या कामाचे पैसेही दिले. भिंतीपलीकडे मालनचीच लाइन सगळ्यात जोरात पोचत असणार. पण कमळने तिच्याकडे एकदाही मागितली नाही.

मालन दारात तांदूळ निवडत बसायची. सूप तेच, तांदूळ तेच, कितीदा निवडायचे? आता तिला कमळचा हेवा वाटत नव्हता. मेघनाचा वाटत होता. अक्षदाचा वाटत होता. जिच्या जिच्या उंबऱ्याशी कमळच्या चपला दिसायच्या, तिचा तिचा.

एका दुपारी कमळ फोन आणि पिशव्या घेऊन तिच्या दारापुढून चालली होती. मालनने सुपावरून नजर उचलली नाही.

"माज्याकडची लाइन काय खराब आसा?"

कमळ थांबली. "तुमी बोलवलास नाय, वैनीनू."

"बोलवूक तू काय पावणी आसस?"

कमळ चपला काढून आत आली आणि डब्याखाली बसली. मालनने चहा ठेवला. कमळने पिशवी उघडली तसा वास आला, आणि मालनने न राहवून चिमूट जिभेवर ठेवली. "धणे जास्त भाजतंस तू अजून," ती म्हणाली. कमळ म्हणाली, मग बसा की बाजूक, दाखवा. दोघींनी मिळून पिशव्या भरल्या. बोलणं फारसं झालं नाही.

दिवेलागणीआधी कमळ उठली. सगळी कामं झाली, म्हणाली. मालन दारापर्यंत गेली आणि ती आपल्या खोलीत शिरेपर्यंत बघत राहिली. मेघनाकडे काल ती यापेक्षा जास्त वेळ बसली होती, हे काही तिच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.